आभार मानायचेच असतील तर नोंद ठेवा

3 जून 2024 रोजी, लोकसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी, दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली. 64 कोटी 20 लाख लोकांनी मतदान केल्याचे सांगितले गेले आणि तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार व त्यांचे दोन्ही सहकारी मतदारांसाठी उभे राहिले, टाळ्या वाजल्या. दीड कोटी मतदान कर्मचारी आणि सुरक्षा जवान राबले, याचाही उल्लेख झाला. फेरमतदान देशभरात फक्त 39 ठिकाणी घ्यावे लागले, 2019 मध्ये हा आकडा 540 होता, हेही तिथेच कळले. पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची कबुली वेगळी होती. एवढ्या उन्हात निवडणूक चालायला नको होती, निदान महिनाभर आधी संपवायला हवी होती, हा या वेळचा धडा आहे, असे आयुक्त म्हणाले. आदल्याच दिवशी उत्तर प्रदेशच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले होते की शेवटच्या टप्प्याच्या दिवशी त्या एका राज्यात उष्म्याने 33 निवडणूक कर्मचारी दगावले.

त्या टाळ्यांपेक्षा ही कबुली मला अधिक मोलाची वाटते. टाळ्या वाजवून झाल्या की संपल्या. ‘वेळ चुकली’ असे म्हटले, तर काम करणाऱ्याच्या डोक्यावरचे ऊन कोणीतरी हिशोबात धरले असे निदान दिसते. निवडणूक पार पडली की आपल्याकडे आभारांना तोटा नसतो. जिल्हाधिकारी आभार मानतात, जिंकलेले उमेदवार मानतात (हरलेले जरा हात राखून), वर्तमानपत्रात यंत्रणेचे कौतुक छापून येते. यात खोटे काही नाही. तक्रार एवढीच आहे की शासनाचे आभार भाषणात कितीही असले तरी ते खरे ठरतात नोंदवहीत आणि पुढच्या निवडणुकीच्या आदेशात. आणि या दोन्ही ठिकाणी शोधायला गेलो तर हाती फारसे काही लागत नाही.

सहकाऱ्यांना एकमेकांविषयी जे वाटते ती गोष्ट निराळी. मी शिक्षक आहे. आधी मतदान अधिकारी म्हणून आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून ही ड्यूटी केली आहे. बाहेरच्यांना बहुधा माहीत नसते की मतदान पथक हे मुद्दाम अनोळखी माणसांचे बनवलेले असते. संगणकावर सरमिसळ होते. एक जण पाटबंधारे खात्यातला लिपिक, एक जण बँकेतला, एक जिल्हा परिषदेची शिक्षिका, एक कर विभागातला. कोणाबरोबर काम करायचे ते प्रशिक्षणात कळते, कोणत्या केंद्रावर जायचे ते साहित्य वाटपाच्या वेळी. ओळखीचे लोक एकत्र आले तर संगनमत होईल, म्हणून ही तजवीज. संशय हा या रचनेचा पाया आहे, आणि तो तसाच असायला हवा.

पण हेच अनोळखी लोक संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बाके ओढून मतदान कक्ष उभा करतात, रात्री त्याच वर्गात पाठ टेकतात आणि पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, सुरू करतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मते टाकायची, कंट्रोल युनिटवरचा (मते साठवणाऱ्या यंत्रावरचा) निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या ताडून पाहायच्या, मग ती मते पुसायची, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या, हिरव्या कागदी सीलवर सह्या घ्यायच्या. हे सगळे सातच्या आत. यातली मते पुसायची राहून गेली तर मतमोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला काढावे लागते आणि गावाचे नाव बातमीत येते. दीड तासात, झोप अर्धवट झालेली असताना, ज्यांची नावेही नीट पाठ झालेली नाहीत अशा माणसांच्या भरवशावर हे करायचे असते. एक जण वाचतो, दुसरा बटण दाबतो, तिसरा यादीवर खूण करतो. कोणी कोणाचा साहेब राहत नाही. तसे केंद्राध्यक्षाच्या नावापुढे अधिकार बरेच लिहिलेले असतात, पण ज्याला यंत्र नीट कळते त्याचे सगळे ऐकतात.

एका निवडणुकीत दुपार टळल्यावर आमच्या केंद्रावर नमुना 17-ए ची नोंदवही (आलेल्या मतदारांची सह्यांसह नोंद) आणि कंट्रोल युनिट यांच्या आकड्यांत एकाचा फरक दिसू लागला. वहीत एक मतदार जास्त, यंत्रात एक मत कमी. बाहेर रांग, आत प्रतिनिधींचे कान टवकारलेले. दुसऱ्या क्रमांकाच्या मतदान अधिकारी बाईंनी शांतपणे पाने मागे उलटली. सकाळी एका गृहस्थाने सही केली, शाई लावून घेतली आणि मग मत द्यायचे नाही म्हणून परत फिरला होता. नियम 49-ओ प्रमाणे बाईंनी त्याच वेळी शेरा लिहून त्याची सही घेतलेली होती. गर्दीच्या वेळी, कोणी सांगितले नसताना. सगळ्यांच्या समोर तो शेरा वाचला गेला आणि विषय तिथेच मिटला.

आता या प्रसंगाचे कागदावर काय उरले? केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत दर दोन तासांनी किती मतदान झाले ते लिहायचे असते. पुरुष किती, स्त्रिया किती, आक्षेपित मते (मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतलेली) किती, प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिल्याचे आढळल्यावर मतपत्रिकेवर दिलेली) किती, मतदान कुठे थांबले का, गडबड झाली का, यंत्र बदलावे लागले का. गडबड झाली असती तर पानभर लिहावे लागले असते. गडबड झाली नाही, कारण एका बाईंनी सकाळी दोन ओळी नीट लिहिल्या होत्या. तशी नोंद करायला त्या छापील दैनंदिनीत जागाच नाही. चूक झाली असती तर अहवाल गेला असता, खुलासा मागवला गेला असता. टळलेल्या चुकीचा अहवाल कोणी मागत नाही.

कायद्याचेही तसेच. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चे कलम 28-अ म्हणते की अधिसूचनेपासून निकालापर्यंत हे सारे कर्मचारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानावे आणि त्यांच्यावर नियंत्रण, देखरेख व शिस्त आयोगाची चालावी. कलम 134 कर्तव्यातल्या कसुरीबद्दल दंड सांगते. मतदार यादीचे काम करणाऱ्यांसाठी 1950 च्या कायद्यात कलम 32 आहे, त्यात तर तुरुंगवासही आहे. प्रशिक्षणाला दांडी मारली की कारणे दाखवा नोटीस निघते. हे असू नये असे मी म्हणत नाही. निवडणुकीत शिथिलता चालत नाही. पण ज्या व्यवस्थेकडे कसूर मोजायला इतकी कलमे आहेत, तिच्याकडे चांगले काम लक्षात ठेवायची एकही ठरलेली रीत नसावी, ही कमतरता आहे. ती दानतीची नसेल, रचनेची मात्र नक्कीच आहे. सरमिसळीने पथक जुळवले, साहित्य जमा केल्याच्या पावतीवर ते विखुरले. बाईंचा मूळ अधिकारी त्यांच्या खात्यात, त्याला हे ठाऊक नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही. ठाऊक आहे ते आम्हा चौघांना, आणि आम्ही पुन्हा एका पथकात येण्याचा संभव फारच कमी.

हे नवे नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे नाव काढले की पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आठवतात, आणि आठवायलाच हवेत. 17 कोटींहून अधिक मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर, आणि यादी करायला सुरुवात शून्यापासून. पण त्या याद्या मतदारसंघानुसार टंकलिखित करायला सहा महिन्यांच्या करारावर 16,500 कारकून घेतले होते. कित्येक बायका अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगत. खरे नाव सांगायला तयार नसलेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे अखेर यादीबाहेर राहिली. हा पेच आधी दारात उभ्या असलेल्या गणनाकाराला आणि मग यादी करणाऱ्या कारकुनाला पडला होता, सेनसाहेबांकडे तो नंतर पोचला. सेन यांना पद्मभूषण मिळाले. कारकून करार संपल्यावर घरी गेले.

नोंद ठेवणे ही शोभेची मागणी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी 2021 चा उत्तर प्रदेश आठवावा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, तिथे पंचायत निवडणुका झाल्या. शिक्षक संघटनेने मृत शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी दिली, त्यात 1,621 नावे होती. सरकारी खात्याने सांगितले, तीन. दोन्ही आकडे एकाच निवडणुकीचे. इतका फरक पडला तो व्याख्येमुळे. घरातून ड्यूटीसाठी निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचा काळ म्हणजे निवडणूक कर्तव्य, असा नियम होता. या काळात अपघात झाला तर माणूस धरला जाईल. करोनाचा विषाणू मतदान केंद्रावर शिरला आणि माणूस दहा-पंधरा दिवसांनी घरात किंवा दवाखान्यात गेला, तर तो नियमाच्या बाहेर. पुढे आरडाओरड झाल्यावर कर्तव्यानंतर 30 दिवसांपर्यंतचे मृत्यू धरायचे ठरले आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी 30 लाख रुपये मंजूर झाले. तीनचे दोन हजार झाले ते मोजण्याची पद्धत बदलल्यावर. त्याआधी श्रद्धांजलीची भाषणे झाली नव्हती असे नाही.

याच व्याख्येचा दुसरा धागा महाराष्ट्रातल्या कोणत्याही मतदान कर्मचाऱ्याला लगेच कळेल. भरपाईसाठी कर्तव्य घरी पोचेपर्यंत चालते. वाहन मात्र घरापर्यंत येत नाही. सहाला दार बंद, रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटाकडून चिठ्ठ्या वाटायच्या, मग क्लोजचे बटण, नमुना 17-सी (झालेल्या मतांचा हिशोब), सील, पाकिटे, मग एसटीची वाट, मग साहित्य जमा करायच्या मंडपात टेबलापुढे रांग. तिथे एखादे पाकीट नीट भरलेले नसले की पुन्हा मागे. पावती हातात पडते तेव्हा मध्यरात्र झालेली असते आणि बस तालुक्याच्या ठिकाणी सोडून मोकळी होते. तिथून गाव तीस किलोमीटर असलेली शिक्षिका काय करते? भावाला फोन करते, किंवा पथकातला कोणी आपल्या दुचाकीवरून तिला आधी सोडतो आणि मग उलटा आपल्या घरी जातो. असे करणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांचे आभार त्या बाई जन्मभर मानतील. पण ते काम त्यांचे नव्हते. कागदोपत्री कर्तव्य ज्याच्या हुकमाने घरापर्यंत चालते, घरी पोचवण्याची जबाबदारीही त्याचीच. सहकाऱ्याच्या चांगुलपणावर शासनाने आपला वाहन आराखडा आखू नये.

कामाचा भार माणसे मारू शकतो हे इंडोनेशियाने फार मोठी किंमत देऊन शिकले. 17 एप्रिल 2019 रोजी तिथे राष्ट्राध्यक्ष आणि चार वेगवेगळ्या सभागृहांची निवडणूक एकाच दिवशी झाली. पाच मतपत्रिका, आठ लाखांहून अधिक केंद्रे, आणि मोजणी त्याच केंद्रावर, हाताने, त्याच रात्री. त्यांच्या निवडणूक आयोगाच्याच मोजणीनुसार 894 मतदान कर्मचारी दगावले, बरेच जण अतिश्रमाने आणि त्यातून बळावलेल्या जुन्या आजारांनी. 2024 च्या निवडणुकीआधी त्यांनी मतदान कर्मचाऱ्यांसाठी 55 वर्षांची वयोमर्यादा घातली, आरोग्य तपासणी सक्तीची केली. मृत्यू थांबले नाहीत, पण खूप घटले. जून 2025 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2029 पासून राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका वेगळ्या घ्यायला सांगितले. आपल्याकडे याउलट ‘एक देश, एक निवडणूक’चे विधेयक डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडले गेले. त्यावरच्या चर्चेत खर्च येतो, आचारसंहिता येते, पक्षांचे हिशोब येतात. एका वर्गखोलीत दोन यंत्रांच्या जोड्या आणि दोन हिशोब सांभाळणाऱ्या पथकाचा दिवस किती लांबेल, हा प्रश्न मला तरी अभावानेच ऐकू आला. एकत्र निवडणुकांनी शिक्षकांचे शाळेबाहेरचे दिवस वाचतील, हा मुद्दा मला मान्य आहे. पण वाचलेले दिवस एका दिवसावर लादले गेले तर त्याची तयारी आधी दिसली पाहिजे.

निवडणूक मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही, म्हणून बीएलओंना, म्हणजे मतदार यादी राखणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, वगळून आभाराची गोष्ट पुरी होणार नाही. अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपातळीवरचे कर्मचारी आपले मूळ काम सांभाळून वर्षभर यादी राखतात. मेलेल्यांची नावे काढा, सासरी गेलेल्या मुलींची बदला, आणि नाव गळले की शिव्या खा. आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचे वार्षिक मानधन सहा हजारांवरून बारा हजार केले, म्हणजे महिन्याला हजार. त्यानंतर तीनच महिन्यांत बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. बीएलओंच्या मृत्यूंच्या, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की जादा माणसे द्या, अडचण असलेल्यांना सूट द्या. जे न्यायालयाने सांगितले ते वेळापत्रक आखणाऱ्याला सुचायला हवे होते.

यावर एक उत्तर नेहमी ठेवलेले असते. हा नोकरीचा भाग आहे, भत्ता मिळतो, घटनेच्या अनुच्छेद 324(6) प्रमाणे कर्मचारी पुरवणे सरकारवर बंधनकारक आहे, मग आभार कसले? या उत्तरातला पहिला भाग खरा आहे. मला हारतुरे नको आहेत, आणि मतदानाची ड्यूटी म्हणजे सीमेवरची लढाई असल्याच्या थाटातली भाषणे तर मुळीच नकोत. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर अशी कामे द्यावीत असे सांगितले, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात निवडणुकीचा अपवाद स्पष्ट लिहिला गेला. म्हणजे काम आमचे आहे, हे ठरलेले आहे. पण नोकरीचा भाग म्हटले की नोकरीचे बाकीचे नियमही लागू होतात. कामाचे तास, विश्रांती, येण्याजाण्याची सोय, स्वच्छतागृह, आणि चांगल्या कामाची सेवापुस्तकात नोंद. कर्तव्य सांगताना नोकरी आणि सोय मागताना राष्ट्रसेवा, हे एकाच वेळी चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. केंद्राध्यक्षाने सहकाऱ्यांविषयी लिहायचे ठरवले तर गोडीगुलाबी सुरू होईल, कौतुकाच्या बदल्यात गप्प बसण्याचे व्यवहार होतील, ज्या तटस्थपणासाठी सरमिसळ केली तोच जाईल. भीती अगदीच निराधार नाही. म्हणून ‘उत्कृष्ट, उत्तम, साधारण’ असल्या श्रेणी नकोत. गुण नकोत, स्पर्धा नको. हवी आहे ती साधी वस्तुनिष्ठ नोंद: अमुक वाजता अमुक अडचण आली, अमुक मतदान अधिकाऱ्याने ती अशी सोडवली. अशी नोंद खोटी लिहिणे कठीण, कारण 17-ए ची वही, यंत्रातली वेळ आणि प्रतिनिधींच्या सह्या तिला शेजारी असतात. उलट अशा नोंदी एकत्र झाल्या तर प्रशिक्षणाला खरे उदाहरण मिळेल. आजच्या प्रशिक्षणात यंत्राची जोडणी शिकवतात, ती चांगलीच शिकवतात. पण मास्टर ट्रेनरने पडद्यावर दाखवलेल्या अडचणी दर निवडणुकीत त्याच असतात आणि केंद्रावर येतात त्या भलत्याच.

पथकाबाहेरच्या माणसांचीही हीच गत. शाळेचा शिपाई रात्री दिव्याची वायर जोडून देतो. कोतवाल वृद्ध मतदारासाठी कोणाच्या तरी घरून खुर्ची आणतो. आशाताई औषधांची पेटी घेऊन दिवसभर ओसरीवर बसतात. एसटीचा चालक रात्रभर गाडीतच झोपतो आणि सकाळी मतदान कसे चालले आहे ते खिडकीतून विचारतो. बंदोबस्तावरचा होमगार्ड. गडचिरोलीत तर पथके हेलिकॉप्टरने तळावर नेतात आणि तिथून पुढे सुरक्षा दलांच्या सोबतीने चालत पाठवतात. 19 एप्रिल 2024 ला तिथे मतदान दुपारी तीनला संपवले ते याच माणसांना उजेडात परत आणता यावे म्हणून. तो निर्णय मला आभाराचा नमुना वाटतो. भाषण नाही, फलक नाही, वेळ बदलली.

दैनंदिनीचा नमुना आयोग स्वतः ठरवतो. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही. दोन रकाने पुरतील. एकात टळलेल्या अडचणी आणि त्या टाळणाऱ्यांची नावे, पदनामे, आणि त्या पानाची एक प्रत मूळ खात्याकडे. दुसऱ्यात प्रत्येक सदस्य घरी किती वाजता पोचला ते, दुसऱ्या दिवशी फोनवर विचारून भरलेले. दुसरा रकाना जिल्ह्याला अडचणीचा वाटेल, कारण तो भरला की पहाटेचे दोन आणि तीन असे आकडे हजारो केंद्रांपुढे दिसतील आणि पुढच्या वेळी बसचे मार्ग आखणाऱ्याला ते डोळ्यांआड करता येणार नाहीत. फेरमतदान 540 वरून 39 वर आले हे पत्रकार परिषदेत सांगता आले, कारण फेरमतदान कुठे झाले ते कोणीतरी लिहून ठेवत होते.